गोऱ्याचा पणतू

आमच्या कंपनीच्या स्टोअरमधून साधी टॉर्च न्यायची म्हटली तरी चिठ्ठी लागायची. चिठ्ठीवर सही लागायची. आणि ती सही कुणाची आहे हे काकांना ओळखता यावं लागायचं. एकदा खुद्द जनरल मॅनेजर, चांगला सहा फुटी इंग्रज, स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. साइटवर पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी एक हेल्मेट कमी पडत होतं. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "चिठ्ठी, सर."

साहेब म्हणाला, अरे बाबा, सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर सही मीच करतो ना?

"येस सर," काका म्हणाले, "वन मोअर."

साहेबानं भिंतीला टेकून चिठ्ठी लिहिली, सही केली आणि हेल्मेट घेऊन गेला. मी फायली घेऊन तिथंच उभी होते. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

कुवेतचं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. बहरीनमध्ये सीफला समुद्रात भराव टाकून जमीन करायचं काम जोरात होतं, आणि आमची कंपनी त्यावर इमारती उभ्या करत होती. मी ऑफिसात सेक्रेटरी, साताऱ्याची. आमचे हे हूऱ्यातल्या एका हॉटेलात एसी सांभाळायचे. आणि काका आमचे स्टोअरकीपर, पुरंदरच्या पायथ्याच्या एका गावचे. वय पन्नाशीच्या पुढं. घारे डोळे, नाकावर तपकिरी ठिपके, आणि उन्हात अर्धा तास उभे राहिले की साहेबलोकांसारखं नाक सोलून निघायचं. दुसरा कुणी वैतागला असता. काका खूश व्हायचे.

"बघा वैनी," सोललेलं नाक पुढं करून म्हणायचे, "पुरावा!"

त्यांचा पणजोबा आयरिश होता. निदान काकांचं तसं म्हणणं होतं. पुरंदर किल्ल्यावर तेव्हा आजारी गोऱ्या सोल्जरांना हवापालटासाठी ठेवायचे. पायथ्याच्या गावातली एक मुलगी, भागीरथी तिचं नाव, रोज दूध घेऊन वर जायची. पुढचं तुम्ही समजलाच असाल. एक मुलगा झाला. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा सोल्जर पटकीनं गेला, आणि भागीरथीच्या भावानं बहिणीला आणि भाच्याला घरी आणलं. तो भाचा म्हणजे काकांच्या आईचे वडील. घरात आठवण म्हणून सोल्जरचं खिशातलं फौजी पुस्तक राहिलं होतं. त्यावर नाव होतं, जेम्स मायकेल डोलन. आत बायकोचं आणि वारसाचं नाव लिहायचं पान होतं, ते नेमकं वाळवीनं खाल्लं होतं.

"अख्खं पुस्तक सोडलं आन तेवढंच पान," काका म्हणायचे. "वाळवी कुनाची तरी पढवलेली असनार."

ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, काकांना आयर्लंडचा पासपोर्ट हवाय. अकाउंट्समधला मल्याळी तर पैजेवर सांगायचा, की म्हातारा एक दिवस आपल्या सगळ्यांना टाटा करणार बघा. मलाही तसंच वाटत होतं. पण बहरीनमध्ये पत्रं घरी येत नाहीत, कंपनीच्या पोस्ट बॉक्सात येतात, आणि ती वेगळी करायचं काम माझं. आठवड्याला एखादं तरी आयर्लंडचं पाकीट यायचं. शेवटी एकदा पाकीट द्यायला गेले तेव्हा मी सरळ विचारलं, "काका, खरं सांगा, व्हिसासाठी चाललंय ना हे सगळं?"

काका हातातला खोका खाली ठेवून म्हणाले, "माझी आई ऐंशीच्या पुढं हाय, वैनी. लगीन होऊन आली त्या दिसापास्नं ऐकती. भांडान कशावरनं बी निघू द्या, पान्यावरनं, बांधावरनं, शेवट एकच. ठेवलेलीची नात. ती मला म्हनली, माझी आजी लग्नाची व्हती का न्हवती, तेवढं कुठं कागदावर हाय का बघ. मग मी सुखानं डोळं मिटते. मला पासपोर्ट घिऊन काय करायचंय? मला नोंद पायजे."

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून त्यांची पत्रं मी टाइप करायला लागले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत काका डबा घेऊन यायचे. खबूसच्या अरबी रोटीत ठेचा भरून मला द्यायचे आणि मराठीत सांगायला लागायचे. सुरुवात ठरलेली: साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी म्हणायची, काका, त्या आयर्लंडच्या पाद्रीबाबाला 'डिअर फादर' पुरे होईल. पण ते ऐकतील तर शपथ. मग मी इंग्रजीत लिहायची, की आपली आठही अंगं जमिनीला टेकवून नमस्कार. पुढं पाऊसपाण्याची चौकशी, पिकांची चौकशी, आणि मग मुद्द्याचं: आपल्या चर्चच्या जुन्या वहीत मायकेल डोलनचा मुलगा जेम्स सापडतो का? सोबत अर्धा किलो खजूर.

आणि गंमत म्हणजे उत्तरं यायची! एका म्हाताऱ्या पाद्रीबाबानं लिहिलं, की आपला नमस्कार पोचला, माझे गुडघे दुखतात म्हणून मी तो उभ्यानंच परत करतो. बटाटे बरे आहेत, पाऊस थांबत नाही, मायकेलचा जेम्स मात्र नाही. दुसऱ्यानं कळवलं की तिकडची जुनी शिरगणती कधीकाळी लढाईत आगीत जळून गेली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"येवढं मोठं स्टोअर," ते पुन्हापुन्हा म्हणत होते, "आन वाळूची एक बादली ठेवता आली न्हाई?"

जे काही यायचं ते काका बिन कार्डावर उतरवायचे. बिन कार्ड म्हणजे स्टोअरमधल्या प्रत्येक मालापाशी टांगलेलं जाड कागदाचं कार्ड. वर मालाचं नाव, खाली तीन रकाने: आलं, गेलं, शिल्लक. काकांनी प्रत्येक डोलनला एक कार्ड केलं होतं. जन्म 'आलं'च्या खाली, मरण 'गेलं'च्या खाली, आणि मागं राहिलेली पोरं 'शिल्लक'मध्ये. बापाचं नाव मायकेल नसलं की ते कार्ड एका बुटाच्या खोक्यात जायचं. खोक्यावर लिहिलं होतं, 'रिजेक्टेड मटेरियल'.

नव्या माणसालाही काका सोडायचे नाहीत. हातमोजे मागायला आला की पहिला प्रश्न, पणजोबाचं नाव काय? नाही सांगता आलं की मान हलवायचे. "नोंद मफी!" मफी म्हणजे अरबीत नाही. ते दोन शब्द काकांच्या तोंडी इतके बसले होते, की ऑफिसात चहा संपला तरी लोक म्हणायचे, नोंद मफी. एका पठाण ड्रायव्हरनं एका दमात सात पिढ्या म्हणून दाखवल्या, तर काकांनी त्याला कोरे करकरीत मोजे काढून दिले. चिठ्ठी घेऊनच, अर्थात. आणि आमची व्हिसाची कामं करणारा बहरीनी, त्याच्या नावात तर बापाचं, आजाचं, पणजाचं नाव ओळीनं होतंच.

"बघा," काका मला म्हणाले, "अरबाचं बी आपल्यासारखंच. सोताचं नाव, मग बापाचं. साऱ्या जगाची रीत हाय."

मी मान डोलावली. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

कारण पुढं काय झालं ते ऐका. असं करता करता चारेक वर्षं गेली, आणि आमच्याकडे एक नवा इंजिनियर आला, नेमका आयरिश. जनाबियाच्या व्हिलात त्याची सोय झाली, आणि त्याचे व्हिसाचे कागद माझ्याकडे आले. फॉर्मात बापाच्या नावाचा रकाना होता. मी नेहमीसारखं त्याचं मधलं नाव तिथं टाइप केलं आणि सहीला पुढं केलं. तो वाचता वाचता थांबला. हसायला लागला. म्हणाला, हे माझ्या वडिलांचं नाव नाही.

"मग मध्ये कसं आलं?" मी विचारलं.

मध्ये काय, तो म्हणाला, काहीही येतं. कुणी संताचं नाव घेतो, कुणी आजोबांचं, माझ्या आत्याला हे आवडलं म्हणून मला ठेवलं.

तोवर कंपनीतल्या यच्चयावत गोऱ्यांचे बाप मीच ठरवले होते, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. पण ते जाऊ दे. मी खुर्ची ढकलली आणि भर उन्हात स्टोअरकडे पळत सुटले.

"काका, मायकेल बाप नाही! मधलं नाव बापाचं नसतं त्यांच्यात!"

काकांनी बुटाचा खोका काढला आणि जमिनीवर पालथा केला. आम्ही दोघं सिमेंटवर बसून कार्डं चाळत होतो. जुळणारं एकच निघालं. जेम्स डोलन, बाप बार्थोलोम्यू, वय जुळत होतं, शेऱ्यात 'फौजेत गेला, परत आला नाही'. उभ्यानं नमस्कार करणाऱ्या पाद्रीबाबानं शेवटी सहज म्हणून लिहून पाठवलेलं. काकांनी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं त्यावर लाल फुली मारली होती.

"चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं माझ्याच खोक्यात."

लंडनमध्ये जुन्या सोल्जरांच्या नोंदी शोधून देणारी एक निवृत्त बाई होती, तिच्याशी आमचा पत्रव्यवहार होताच. तिला बापाचं नाव आणि गाव कळवलं. हिंदुस्थानातल्या चर्चांमधल्या लग्नाच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला पाठवायचे, हे तिनंच आम्हाला सांगितलं होतं. महिना गेला, दुसरा गेला. मग तिचं पाकीट आलं. मी ते तिथंच फोडलं, वाचलं, आणि आनंदानं ओरडले. जेम्स मायकेल डोलन, बार्थोलोम्यूचा मुलगा, याचं लग्न पुण्याच्या कॅंपातल्या चर्चमध्ये झाल्याची नोंद सापडली होती. खाली बायकोचं नाव होतं. ते मी पुन्हा वाचलं.

मेरी तेरेसा.

काकांना ते मीच वाचून दाखवलं. दुसरं कोण वाचणार? ऐकून ते एवढंच म्हणाले, "म्हंजे त्याला मडमीन व्हती." कागदाची नीट घडी करून खिशात घातली आणि खिडकीवरच्या माणसाला नटबोल्ट द्यायला उठले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. सगळ्या स्टोअरभर कुजबुज झाली.

आणि वेळ बघा कशी. त्याच आठवड्यात सासवडच्या एसटीडी बूथवरून पुतण्याचा फोन आला. म्हातारी अंथरुणाला खिळली, निघून या. जनरल मॅनेजरनं रजा त्याच दिवशी मंजूर केली. पण काका हलेनात.

"काय सांगू तिला?" ते मला म्हणाले. "लोकं बरोबर व्हती म्हनून? ती वाट बघत पडलीय वैनी. मी गेलो की पयलं हेच इचारनार."

"खोटं सांगा," मी म्हटलं. "सांगा की लग्नाची होती."

"आन नोंद?"

घरी आले ती चिडलेलीच. त्या सोल्जरवर चिडले, मडमेवर चिडले, ह्यांनी चहा मागितला तर ह्यांच्यावरही चिडले. ह्यांचा व्हिसा रिन्यू करायचा होता म्हणून कागदांची पिशवी काढली, तर वरच माझं प्रतिज्ञापत्र. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं, मी वाकून वाचलं, तेव्हा कळलं की आजपासून मी कोण. पुढं बहरीनला यायचं ठरल्यावर कोर्टात स्टॅंपपेपरवर लिहून द्यावं लागलं, की सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.

सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे! मी ते मोठ्यानं वाचलं. ह्यांना वाटलं मला लागिरं झालं.

सकाळी साइट सुरू व्हायच्या आधी मी स्टोअरच्या दारात उभी होते. "काका, उद्या माझ्या पणतूनं माझी नोंद शोधली, तर कुठल्या नावानं शोधेल?"

"म्हंजे?"

"लग्नात माझं नाव बदललं. तुमच्या आईचं बदललं असेल. त्या पाद्रीनं भागीरथीला चर्चमध्ये घेतलं असेल तर तिला काय भागीरथी ठेवलं असेल?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लग्नाच्या नोंदीत बायकोच्या बापाचं नाव आसंल," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या बाईनं आपल्याला निस्ती नावं कळवली. पुरी ओळ न्हाई कळवली."

पत्राला तीन आठवडे लागले असते. ऑफिसात फॅक्स होता, पण तो जनरल मॅनेजरच्या खोलीत, आणि खाजगी कामाला बंदी. आम्ही दोघं आत गेलो. मी सगळी हकिगत सांगितली. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं, काकांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"चिठ्ठी?"

काकांनी खिशातून पॅड काढलं. उभ्याउभ्या लिहिलं: फॅक्स, नग एक. कारण: पणजी. साहेबानं सही केली.

चौथ्या दिवशी मशीन घरघरलं. लंडनच्या बाईनं पुरी ओळ उतरवून पाठवली होती. बायकोचा बाप, सखाराम. गाव, पुरंदरच्या खाली. बायकोची सही नाही, फक्त निशाणी. आणि शोधता शोधता तिला त्याच चर्चची बाप्तिस्म्याची वही मिळाली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी एका मोठ्या बाईचा बाप्तिस्मा. नवं नाव मेरी तेरेसा. पूर्वीचं नाव भागीरथी.

काका रडले. मीही रडले. साहेब उगीचच खिडकीतून क्रेनकडे बघत राहिला. मग एकदम काकांना आठवलं की फॅक्सचा कागद काही दिवसांनी पांढरा पडतो, आणि ते झेरॉक्सकडे धावले. पाच प्रती काढल्या. संध्याकाळच्या विमानानं गेले.

महिन्यानं परत आले ते मुंडण करून. मी काय ते समजले. काका खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच सांगू लागले.

"जित्ती सापडली. आठ दिस पुरती शुद्धीवर व्हती. मी वाचून दाखवलं. ती म्हनली, आस्सं न्हाई, बाजंसकट दारात न्हे मला, आन मोठ्यानं वाच. शेजारची म्हातारी, जी जलमभर बोलली, ती बी आता नव्वदीची, ठार बहिरी. तिला हाताला धरून आनली. मी तीनदा वरडलो वैनी. लग्नाची व्हती! लग्नाची व्हती! सारा गाव गोळा झाला, पर तिला ऐकू जाईना. शेवटी तिच्या सुनेनं कानाला तोंड लावून सांगितलं. तवा म्हातारी म्हनली, 'बरं झालं बाई.' आन माझ्या आईच्या पायावर हात ठिवला."

मी डोळे पुसले. "सुखानं गेल्या मग."

"गेली," काका म्हणाले. "पर आदल्या दिशी इचारलं, कागदावर आजीचं नाव काय हाय? मी म्हनलो, मेरी. ती म्हनली, नाव बदलताना तिला कुनी इचारलं व्हतं का रं?"

स्टोअरमधला पंखा फिरत होता. काकांनी ड्रॉवर उघडून भागीरथीचं कार्ड काढलं. वर 'मेरी तेरेसा' लिहिलेलं होतं, ते त्यांनी खाली घेतलं आणि 'भागीरथी' वर लिहिलं. मग एक कोरं कार्ड समोर ठेवलं.

"वैनी, तुमचं माहेरचं नाव काय?"

मी सांगितलं. अकरा वर्षांनी ते स्वतःच्या तोंडून ऐकताना मलाच दचकायला झालं. काकांनी ते ठळक अक्षरात वर लिहिलं. 'आलं'च्या खाली माझी जन्मतारीख विचारून लिहिली. 'गेलं'च्या रकान्याशी पेन थांबलं.

"तिथं लग्नाची तारीख लिहा," मी हसत म्हटलं. "तेव्हाच गेलं ते."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माल गेला म्हनायला चिठ्ठी लागती. तुमी सही केली व्हती?"

"नाही."

"मग गेलं न्हाई," काका म्हणाले. तो रकाना कोरा सोडून त्यांनी शेवटच्या रकान्यात, 'शिल्लक'च्या खाली, लिहिलं: एक.